ड्रेस्डेनमधला डिसेंबर
जर्मनीत इंटर्नशिपला गेलेल्या विद्यार्थ्याने नाताळचा बाजार चुकवू नये, असं माझं ठाम मत आहे. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट हा असाच बाजार १४३४ साली पहिल्यांदा भरला. डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास दिवस मावळतो. अशा वेळी खोलीत कोंडून घेतलं, की नवं शहर परकंच राहतं. खर्चाचं काय, असं कुणी विचारेल. पण बाजारात शिरायला तिकीट नाही; गरम मसालेदार वाइन नको असेल तर बिनदारूचं पंच मिळतं, आणि पेयाचा मग परत केला की त्याची अनामत रक्कमही हातात येते. मात्र २४ तारखेला दुपारीच बाजार आटोपतो, दुकानं मिटतात, २५-२६ला सुट्टीच. म्हणून किराणा आधीच भरावा, आणि ऑफिसातल्या कुणी घरी जेवायला बोलावलं तर संकोच न करता जावं.