घोड्याच्या पायाची जखम : औषध बदलू नका, कारण शोधा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, आणि सगळ्यात शेवटी 'घोड्याच्या पायाची जखम' असा एक विषय आहे. तो वाचून मागच्या रांगेत हशा झाला. बैलजोडी सांभाळणे परवडत नाही, तिथे घोडा कुणाच्या दावणीला आहे, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण कपाशीची शेवटची वेचणी झाली, ज्वारी काढून झाली, की आपल्या शिवारात मेंढरांचे कळप येतात. आपण त्यांना शेतात बसवून घेतो. कोरडवाहू जमिनीला लेंडीखतासारखे खत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या मेंढपाळाचे सारे बिऱ्हाड, पाल, भांडीकुंडी, कोकरे, कधी तान्हे पोरसुद्धा, घोड्याच्या पाठीवर असते. घोडे लंगडले की वाडा हलत नाही. वाडा हलला नाही की मेंढरांना चारा नाही, आणि पुढच्या गावच्या शेताला खत नाही.

आणि घोडे लंगडते कशाने? पुष्कळ वेळा आपल्याच काटेरी तारेने. रानडुक्कर आणि रोही पीक ठेवत नाहीत, म्हणून आपण तार ओढली. हौसेने कुणी ओढली नाही. पण तुटकी तार धुऱ्यावर लोंबत राहते, रात्री घोडे बिथरते आणि पाय अडकतो. म्हणून हा विषय आपला आहे.

मी शेतकी पदवीधर आहे, पशुवैद्य नाही. इंजेक्शनची मात्रा मी सांगणार नाही, ते काम डॉक्टरांचे. पण जखम का भरत नाही हे समजायला पदवी लागत नाही. तेवढे आज समजून घेऊ.

पायाचीच जखम का चिघळते?

घोड्याच्या खांद्याला किंवा पुठ्ठ्याला मोठी जखम झाली तरी ती बघता बघता आवळून येते. तेवढीच जखम गुडघ्याखाली झाली तर महिनोन्महिने राहते. कारण गुडघ्याखाली मांस जवळजवळ नाही. तिथे कातडी, शिरा, स्नायुबंध आणि हाड एवढेच आहे. रक्तपुरवठा कमी, कातडी ताणलेली, सांधा सतत हलतो, आणि माती-शेण जवळच. पहिले पंधरा दिवस तर जखम लहान होण्याऐवजी मोठी होते. ते बघून माणूस घाबरतो आणि दिसेल ते औषध फासतो.

आता हिशेब करा. गुडघ्याखाली नवी कातडी दिवसाला साधारण ०.१ मिलिमीटर सरकते, म्हणजे दहा दिवसांत एक मिलिमीटर. चार सेंटिमीटर रुंद जखम असेल तर दोन्ही कडांनी दोन-दोन सेंटिमीटर यायला दोनशे दिवस लागतील. जखम आवळत जाते म्हणून प्रत्यक्षात वेळ कमी लागतो. त्यात तट्टू नशीबवान आहे. १९९९ साली नेदरलँड्समध्ये विल्मिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठे घोडे आणि तट्टे यांच्या जखमांची तुलना प्रसिद्ध केली. तट्टांच्या जखमा लवकर भरल्या आणि जास्त आवळल्या. आपल्या मेंढपाळांची भीमथडीकडची घोडी बुटकीच असतात. म्हणजे धीर धरला तर आशा आहे. पण आठ दिवसांत गुण देणारे औषध कुणी विकत असेल, तर तो तुम्हाला फसवतो आहे असे समजा.

पहिल्या दिवशी काय करायचे?

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दहा-पंधरा मिनिटे दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका.

रक्त थांबल्यावर जखम धुवा. स्वच्छ पाण्याची बारीक धार दहा मिनिटे सोडा. मग मिठाचे पाणी वापरा. एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ घाला. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे असेल तर ते पातळ करूनच. दुकानात मिळणारे ५ टक्क्यांचे द्रावण असेल तर लिटरभर पाण्याला २० मिलिलिटर पुरे. पाण्याला कोऱ्या, फिक्या चहाचा रंग आला पाहिजे. औषध जहाल केले म्हणजे गुण जास्त येत नाही. जंतूंबरोबर नवे मांसही जळते.

मग नीट बघा. हाड दिसते का? सांध्याजवळ छिद्र आहे का आणि त्यातून तेलासारखा चिकट, पिवळसर द्रव येतो का? जखम लहान पण घोडे पाय टेकवतच नाही, असे आहे का? यांतले काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर हवा. सांध्यात जंतू शिरले तर एका दिवसाच्या उशिरानेही जनावर कायमचे लंगडे होऊ शकते. टाके घालण्यासारखी जखम असेल तरी पहिले काही तासच हातात असतात. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि धनुर्वात. बैलाला जे निभावते ते घोड्याला निभावत नाही. पाळीव जनावरांत धनुर्वाताला सर्वांत हळवा प्राणी घोडाच. खिळ्याचे भोक पडले असेल तरी धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नका. शहाणपणाचे म्हणजे आधीच लस टोचून घेणे. पहिल्यांदा चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, आणि मग डॉक्टर सांगतील तशी पुन्हा मात्रा.

काय फासायचे नाही?

चुना, मोरचूद, रॉकेल, फिनेल, जळके ऑइल, बॅटरीतली काळी भुकटी, राख, शेण. ही यादी तुम्हाला पाठ आहे, कारण प्रत्येक गावात यातले काहीतरी चालते. मोरचुदाने जखम सुकल्यासारखी दिसते, पण कडेने येणारी कोवळी कातडीही जळून जाते. म्हणजे उगवलेल्या रोपावरच तणनाशक मारल्यासारखे झाले.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. जखमेत किडे पडले म्हणून कपाशीवर फवारायचे औषध जखमेवर ओतू नका. ते विष धड कातडीतूनही अंगात जाते, उघड्या जखमेतून तर अधिकच वेगाने. किडे चिमट्याने काढायचे, जखम धुवायची, आणि किड्यांसाठीचे औषध डॉक्टरांकडून घ्यायचे.

पट्टी आणि आपला कापूस

पट्टीचे तीन थर असतात. जखमेला लागून न चिकटणारी जाळी, त्यावर ओल शोषणारा कापूस, आणि बाहेरून आवळून धरणारी पट्टी. आपण कापूस पिकवणारे, म्हणून घरचा कापूस थेट जखमेवर ठेवायचा मोह होतो. तो ठेवू नका. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेण असते, त्यामुळे तो पाणी शोषत नाही. शिवाय त्याचे धागे जखमेत रुततात. औषधाच्या दुकानातला कापूस मेण काढून धुतलेला असतो. क्विंटलने आपण जो माल विकतो, तोच धुऊन पुडीत आला की ग्रॅमच्या भावाने विकत घ्यावा लागतो. हा हिशेब आज इथेच सोडतो, त्यासाठी पत्रिकेवर वेगळा विषय आहे. घरचा स्वच्छ पिंजलेला कापूस बाहेरच्या थरात गादी म्हणून मात्र चालतो. गादी जाड हवी. पातळ पट्टी करकचून बांधली तर रक्त अडते आणि पायाच्या शिरेला इजा होते. पट्टी दोन-तीन दिवसांनी बदला, भिजली तर लगेच.

महिना झाला, जखम भरत नाही. मग?

इथेच आपली गाडी रुतते. एक मलम झाले, दुसरे आणले, तिसरे कुणी सांगितले. अशा वेळी औषध बदलू नका, कारण शोधा. कारणे ठरावीक आहेत.

पहिले, आत काहीतरी राहिले आहे. बाभळीचा काटा, तारेचा तुकडा, किंवा हाडाचा मेलेला कपचा. वरून भरते, पुन्हा फुटते आणि पू येतो. कपचा एक्स-रेत दिसतो आणि तो काढल्याशिवाय कोणतेही मलम लागू पडत नाही.

दुसरे, पायबंद. घोडे दूर जाऊ नये म्हणून पायाला दोर बांधतात. तोच दोर रोज तीच जखम उघडतो. दोर सोडा किंवा दुसऱ्या पायाला मऊ पट्टा बांधा.

तिसरे, वर आलेले मांस. जखम भरताना लाल दाणेदार मांस येते, ते हवेच. खड्डा त्यानेच भरतो. पण घोड्याच्या पायात ते जमिनीच्या पातळीवर थांबत नाही, फुलकोबीसारखे वर येते. पाणी जसे चढावर जात नाही, तशी कातडी त्या उंचवट्यावर चढत नाही. डॉक्टर ते कातडीच्या पातळीला कापून काढतात. त्यात संवेदना नसते, पण रक्त भरपूर येते. म्हणून विळ्याने घरी कापू नका.

चौथे, बरसाती. पावसाळ्यात माश्या जखमेवर बसतात आणि एका जंताच्या अळ्या तिथे सोडतात. जखमेत पिवळे कणीसारखे दाणे दिसतात, खाज सुटते. हा रोग हिंदुस्थानात इतका जुना आहे की इंग्रजांच्या पशुवैद्यांनी 'बरसाती' हेच नाव उचलले. यावर जंताचे औषध लागते, मलम नव्हे. तलावाच्या, डबक्याच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याला एका वेगळ्या जंतूनेही अशीच जखम होते. तिचा उपचार वेगळा आहे, म्हणून तपासणी हवी.

पाचवे, जखमेच्या जागी चामखिळीसारखी गाठ वाढते. ती जखम नसून गाठ असते, आणि तिचे कारण गाईगुरांच्या चामखिळीचा विषाणू असतो.

सहावे कारण सर्वांत गंभीर, ग्लँडर्स. पायावर माळेसारख्या गाठी ओळीने येतात, फुटतात, चिकट पू वाहतो, कधी नाकातूनही येतो. २००६ साली हा रोग महाराष्ट्रासह काही राज्यांत पुन्हा आढळला. तो माणसालाही होतो. अशा जखमेला उघड्या हाताने शिवू नका. घोडे वेगळे बांधा आणि सरकारी दवाखान्याला कळवा. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रोग निघाला तर कायद्याने जनावर मारावे लागते. ते ऐकायला कठोर वाटते, पण लपवले तर अख्ख्या तांड्याला आणि माणसांनाही धोका आहे.

गावाने काय करायचे?

तीन गोष्टी. एक, धुऱ्यावरची तुटकी तार गुंडाळून घ्या आणि उभ्या तारेला पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा. दुरून दिसते, जनावर थांबते. दोन, जखमी घोडे असलेल्या मेंढपाळाला दोन-तीन आठवडे थांबायला जागा, पाणी आणि सुका कडबा द्या. हिरवी कोवळी ज्वारी घोड्याला घालू नका, तिने घोड्याची लघवीची पिशवी बिघडते. चालणे थांबले की निम्मा उपचार झाला. तीन, अवघड जखम असेल तर नागपूर, परभणी, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेण्यासाठी गावातला टेम्पो मिळवून द्या. लंगडे घोडे कवडीमोलाने बाजारात गेले तर मेंढपाळाला दुसरे घेता घेता वर्ष जाते. कापूस अडल्या वेळी विकावा लागतो, तेव्हा काय होते हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे?

या तीन गोष्टींचा ठराव प्रत्येक गावशाखेने मेंढरे यायच्या आत करावा, एवढी विनंती करून मी थांबतो.