उंबऱ्यापासून मॅनहोलपर्यंत



काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरी झाली, उद्या नाट्यसंगीत आहे, आणि मधल्या दिवशी मला ड्रेनेजवर बोलायला बोलावलंय. संयोजकांनी पत्रात ‘जलनिस्सारण’ असा शब्द घातला होता. त्यांची अडचण मला कळते. पण नोकरीभर लोकांनी मला ‘ड्रेनेजवाले साहेब’ अशीच हाक मारली, तेव्हा आज तोच शब्द चालू द्या.

शहराच्या मोठमोठ्या वाहिन्या, पंपिंग स्टेशनं, शुद्धीकरण केंद्रं यांबद्दल मी बोलणार नाही. माझा विषय दहा-बारा मीटरचा आहे. तुमच्या इमारतीच्या शेवटच्या चेंबरपासून रस्त्यातल्या मॅनहोलपर्यंत जाणारा पाइप, एवढाच. तो चालू असतो तोवर कुणाच्या लक्षातही नसतो. तुंबला की सोसायटी म्हणते महापालिकेचा, महापालिका म्हणते सोसायटीचा. या अनाथ पाइपासाठी जगभर जेवढे नियम झाले, तेवढे राजवाड्यांसाठीही झाले नसतील.

सुरुवात लंडनपासून करू, कारण आपले कायदे तिथूनच आले. 1815 पूर्वी लंडनमध्ये घरातला मैला सार्वजनिक गटारात सोडणं हा गुन्हा होता. गटारं पावसाच्या पाण्यासाठी. मैला घराखालच्या खड्ड्यात साठवायचा आणि रात्री गाडीवाल्याकडून उपसून घ्यायचा. 1815 साली जोडणीची परवानगी मिळाली. 1848 च्या कायद्याने नव्या घराला जोडणी सक्तीची केली: शंभर फुटांच्या आत गटार असेल तर घराचा नाला त्याला जोडलाच पाहिजे. गुन्हा, मुभा आणि सक्ती असा प्रवास तेहतीस वर्षांत झाला. आपल्याकडे एखाद्या फायलीचा तेवढ्यात होत नाही.

पण सक्ती करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली नाही. गटारं पुढे थेट थेम्स नदीत जात होती. हजारो खड्डे बुजवले, घरं जोडली, आणि शहराचा सगळा मैला नदीत गेला. पिण्याचं पाणी तर त्याच नदीचं! 1858 च्या उन्हाळ्यात अशी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसणं अशक्य झालं. मग घाईघाईने कायदा झाला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याला नदीला समांतर अशा मोठ्या वाहिन्या बांधायला पैसे मिळाले. नाकाशी आल्याशिवाय खजिना उघडत नाही, हे काही आपलंच वैशिष्ट्य नव्हे.

त्याच्या चार वर्षं आधी, 1854 मध्ये, ब्रॉड स्ट्रीटच्या कॉलऱ्यात सहाशेहून जास्त माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांनी तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवलं, तो प्रसंग पुष्कळांना माहीत असेल. पुढचा भाग कमी सांगितला जातो. नंतर खोदून पाहिलं तेव्हा कळलं की पंपाच्या विहिरीपासून अवघ्या तीनेक फुटांवर चाळीस नंबरच्या घराचा मैल्याचा खड्डा होता. त्याच्या आणि नाल्याच्या विटा कुजून सुटल्या होत्या आणि पाणी झिरपत विहिरीकडे जात होतं. त्या घरात एक तान्हं मूल जुलाबाने आजारी होतं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी याच खड्ड्यात ओतलं जाई. एका घरातलं बाळोत्यांचं पाणी आणि सुटलेले विटांचे सांधे! पाइपाचा सांधा गळका नसावा, विहिरीपासून मैला दूर असावा, हे नियम वाचताना मला ते घर आठवतं.

मुंबईत आधी पाणी, मग गटार असा क्रम झाला. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी शहरात आलं. ते वापरून झाल्यावर कुठे जाणार, याची सोय मात्र मागाहून, हळूहळू होत गेली. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात मग तोच विलायती शंभर फुटांचा हिशेब उतरला. गिरगाव-काळबादेवीकडच्या मंडळींना हाऊसगल्ली माहीत आहे: दोन चाळींमधली अंधारी, ओली चिंचोळी वाट. टोपल्यांचे संडास होते तेव्हा सफाई कामगारांनी मागच्या मागे यावं आणि कुणाच्या दृष्टीस पडू नये, म्हणून ती ठेवलेली. पुढे ड्रेनेजचे पाइप त्याच गल्लीतून गेले. माणसाला लपवण्याची जागा पाइपाला मिळाली. पाइप आला म्हणून माणूस सुटला का, ते पुढे सांगतो.

आता नियम. पहिला उताराचा. चार इंची पाइपाला साधारण साठात एक, सहा इंचीला शंभरात एक. म्हणजे बारा मीटर लांबीत चार इंची पाइप वीस सेंटिमीटर उतरला पाहिजे. दिवसातून एकदा तरी, सकाळच्या घाईच्या वेळी, पाण्याने सेकंदाला साठ सेंटिमीटर वेग घ्यावा आणि तळाची घाण स्वतःच धुऊन न्यावी, एवढाच यामागचा हेतू. ‘डोळ्याने लेव्हल घेणारा’ मिस्त्री इथे घात करतो. पाइपाला मध्ये पोट सुटतं, पोटात पाणी थांबतं, पाण्यात गाळ बसतो. वरून फरशी चकचकीत, त्यामुळे दोष दिसतो तो तीन वर्षांनी, आणि तोवर बिल्डर दुसऱ्या उपनगरात पोचलेला असतो.

दुसरा नियम सांध्याचा. जोड मॅनहोलमध्येच द्यायचा, वाहत्या पाण्याच्या दिशेने वळवून, मुख्य प्रवाहाच्या पातळीच्या वर. रस्त्यातल्या पाइपाला छिन्नीने भोक पाडून त्यात आपला पाइप खुपसायचा नाही. खुपसलेलं टोक आत डोकावतं, त्याला चिंध्या अडकतात, चिंध्यांना गाळ, आणि चारशे घरांचं पाणी एका घराच्या पाइपापाशी थांबतं. ते मग सगळ्यांत खालचं तोंड शोधतं. रस्त्यांवर थरांवर थर चढवल्याने आपल्या जुन्या इमारतींचे तळमजले रस्त्याखाली गेलेत. म्हणून चूक करणारा राहतो वरच्या गल्लीत आणि मैला वर येतो तो खालच्या आजीबाईंच्या नहाणीत. रस्ता खोदाईच्या परवानगीसाठी, लायसनधारी प्लंबरच्या सहीसाठी आम्ही लोकांना हेलपाटे घालायला लावायचो, त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. काही शिव्या रास्त होत्या. सहीची अट मात्र त्या आजीबाईंसाठी होती.

ट्रॅपबद्दल थोडक्यात. संडासाच्या भांड्याखालच्या बाकात पाच सेंटिमीटर पाणी उभं असतं. शहरभरची गटारी हवा आणि तुमचं घर यांच्यामध्ये तेवढाच पडदा. सुट्टीहून आल्यावर बंद घरात वास येतो तो नहाणीच्या ट्रॅपमधलं पाणी आटल्यामुळे. मेचा महिना आहे, गावाहून आलात की आधी एक तांब्या पाणी ओता.

तिसरा नियम लोक सर्वांत सहज मोडतात. गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नये. लोकांना वाटतं, पाणीच ते, उलट लाइन धुऊन निघेल. हिशेब करू. दोनशे चौरस मीटरची गच्ची, तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस. आपल्या श्रावणात हे काही अचाट नाही. तासाभरात दहा हजार लिटर. त्याच इमारतीत शंभर माणसं राहतात, दरडोई रोज एकशे पस्तीस लिटर पाणी, त्यातलं ऐंशी टक्के ड्रेनेजला जातं असं धरा. होतात दहा हजार आठशे. म्हणजे जवळपास अख्ख्या दिवसाचं सांडपाणी आकाशाने तासाभरात ओतलं. पाइप दिवसाच्या हिशेबाने घातलेला. अशा दहा इमारती एका वाहिनीवर असल्या तर मॅनहोलची झाकणं का उडतात, हे वेगळं सांगायला नको.

आणि झाकण उडालं की, किंवा मुळात तुंबलं की, आत कोण उतरतं? 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले, 2023 मध्ये ते तीस लाख केले. आकडा वाढवावा लागला, यात सगळं आलं. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. वास गेला म्हणून माणूस आणखी एक पायरी उतरतो. तेव्हा पॅड, फडकी, बांधकामाचा राडारोडा, हॉटेलचं तेल ड्रेनेजमध्ये टाकू नये, या वाक्याकडे स्वच्छतेची सूचना म्हणून पाहू नका. कोण उतरणार, ते त्या वाक्यात ठरतं.

शेवटी एक प्रसंग. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका पावसाळी नाल्यात भर उन्हाळ्यात सांडपाणी वाहतंय, अशी तक्रार आली. नाला कोरडा हवा होता, म्हणजे कुणीतरी चोरून जोड दिलेला. शोधायची रीत सोपी असते. एकेका इमारतीच्या संडासात रंग टाकायचा आणि नाल्याकाठी माणूस उभा करायचा. हिरवा रंग घेऊन माझी माणसं दोन दिवस फिरली. चौदा इमारती झाल्या, काही निघालं नाही. पंधरावी आमची होती. मी म्हटलं, ही सोडली तरी चालेल, हिचे नकाशे मी स्वतः पाहिलेत. मुकादम म्हातारा होता. म्हणाला, ‘साहेब, टाकतो. पुडी उघडलीच आहे.’ मी नाल्याच्या कठड्यावर हात टेकून उभा राहिलो. नऊ मिनिटं लागली. आमच्या लाइनीचा जोड कधीतरी दुरुस्तीत कुणीतरी सोयीने पावसाळी गटारात दिला होता, आणि तेव्हाच्या दुरुस्ती समितीच्या कागदावर माझी सही होती. मुकादम काही बोलला नाही. वहीत नंबर लिहिला, आणि नोटिशीवर मालकाचं नाव काय घालायचं, एवढंच विचारलं.