खबर, कंडी आणि चवलीचा शेअर



चालकांनी हा विषय सुचविला तेव्हा आम्ही थोडे बिचकलो. शेअरबाजारावर बोलणाऱ्याकडून श्रोत्यांची एक अपेक्षा असते. निघताना त्याने हळूच एखाद्या वधारणाऱ्या शेअरचे नाव सांगावे. तसे नाव आमच्यापाशी नाही. त्याच आशेने कोणी आले असेल, तर त्याने खुशाल उठावे. आम्ही रागावणार नाही.

धाटावला पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर पूर्वी बोनस आणि ओव्हरटाइम यांच्या गोष्टी चालत. आता तेथे शेअरचे भाव निघतात. खिशातल्या फोनवर निरोप आलेला असतो : 'शेअर 3 रुपयांचा आहे, दिवाळीपर्यंत 30 होणार. आतली खबर आहे, कोणाला सांगू नका.' आणि हे 'कोणाला सांगू नका' एकाच वेळी पाचशे जणांना सांगितलेले असते! यात जाणारा पैसा कोणाचा? कोणाचा भविष्यनिर्वाह निधीचा, कोणाचा स्वेच्छानिवृत्तीचा, तर कोणाचा जमिनीच्या मोबदल्याचा. एकदाच हाती येणारा हा पैसा. म्हणून हा विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

प्रथम स्वस्ताईचा भ्रम पाहू. 2 रुपयांचा शेअर स्वस्त आणि 2000 रुपयांचा महाग, असे आपण सहज म्हणतो. परंतु 2 रुपयांचे 50 कोटी शेअर असले, तर बाजाराने त्या कंपनीची किंमत 100 कोटी रुपये केली. आणि 2000 रुपयांचे 4 लाखच शेअर असले, तर दुसरीची किंमत 80 कोटी झाली. दोघींचा नफा सारखाच असेल, तर महाग कोणती? चवली-पावलीचा शेअर मूठभर पैशांत पिशवीभर मिळतो, एवढेच त्याचे आकर्षण. शिवाय अशा पुष्कळ शेअरांत रोजची उलाढाल थोडी असते. चार धनवंतांनी ठरविले तर भाव वर चढविता येतो. चढताना विकणारा भेटत नाही आणि उतरताना घेणारा भेटत नाही. सर्किट लागले की विक्रीचा हुकूम तसाच पडून राहतो.

आता खबरीकडे वळू. 'आतली खबर' तीनच प्रकारची असू शकते. ती खोटी असेल, तर आपण बुडतो. ती खरी असून जाहीर झालेली असेल, तर ती बहुधा भावात आधीच उतरलेली असते. आणि ती खरी असून खरोखरच आतली असेल, तर? सेबीच्या 2015 च्या नियमांप्रमाणे, भावावर परिणाम करणारी अप्रसिद्ध माहिती हाती असताना व्यवहार करणे निषिद्ध आहे. ती योग्य कारणावाचून दुसऱ्यास सांगणेही निषिद्ध आहे. कारखान्यात काम करणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. म्हणजे एक खबर बुडविणारी, दुसरी शिळी आणि तिसरी बेकायदा. चौथा प्रकार आम्हांला तरी सापडलेला नाही.

हा रोग आजचा नव्हे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ही बातमी खरी होती. परंतु तिच्या पाठीवर बसून बँका आणि समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दासरशी भाव हलत. बॅक बे कंपनीचा 5000 रुपयांचा शेअर 50 हजारांच्या घरात गेला. 1865 च्या वसंतात युद्ध संपले, कापूस उतरला आणि कागदाचे इमले कोसळले. जुनी बँक ऑफ बॉम्बेही त्या तडाख्यातून सावरली नाही. कापूस महाग झाला ही बातमी खोटी नव्हती. तिच्यावरून 'कोणताही कागद वाढेल' असे जे अनुमान लोकांनी काढले, ते खोटे होते.

आपल्या धंद्यातही तेच घडते. 2017 च्या सुमारास चीनने प्रदूषण करणाऱ्या रासायनिक कारखान्यांवर कडक इलाज केले आणि भारतीय मालाला मागणी वाढली. ही बातमी खरी. परंतु 'रसायनांना दिवस आले' एवढ्यावर नावात केमिकल असलेला कोणताही कागद घ्यावा काय? बातमी सबंध धंद्याची असते, शेअर मात्र एका कंपनीचा असतो. आणि कंडी पिकविणारा नेमका या दोहोंमधल्या फटीत शिरतो.

ताजे उदाहरण 2022 सालचे. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीविषयी दिशाभूल करणाऱ्या चित्रफिती यूट्यूबवर प्रसृत झाल्या. सेबीच्या मार्च 2023 च्या अंतरिम आदेशानुसार या काळात तिच्या लहान भागधारकांची संख्या सुमारे 2 हजारांवरून 55 हजारांवर गेली, आणि आधीच शेअर धरून बसलेल्यांनी चढ्या भावाला आपला माल त्यांच्या गळ्यात घातला. मे 2025 मध्ये सेबीने 59 जणांवर बाजारबंदी घातली. हुकूम निघाला हे उत्तमच. पण तोवर तीन वर्षे उलटली होती.

ज्या चिंतामणराव देशमुखांचे घराणे या रोह्याचे, ते अर्थमंत्री असतानाच रोखेबाजाराच्या नियंत्रणाचे विधेयक लोकसभेत आले आणि 1956 साली त्याचा कायदा झाला. सेबीला 1992 साली कायद्याचे अधिकार मिळाले. परंतु कायदा चोराच्या मागून धावतो. आपल्या दारापाशी आपणच बसले पाहिजे.

धाटावच्या माणसापाशी तर एक शहाणपण आहे, जे मुंबईच्या दलालापाशीही क्वचितच असेल. कारखाना कसा उभा राहतो हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. जागा, पर्यावरणाची परवानगी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, यंत्रे, चाचणी, सांडपाण्याची व्यवस्था, मग गिऱ्हाइकाने नमुना पसंत करणे. यात वर्षे जातात. सुदर्शन, एक्सेल, दीपक नायट्राइट यांचे येथले कारखाने काही एका दिवाळीत उभे राहिले नाहीत. मग जी कंपनी महिन्यात दसपट होणार असे निरोप येतात, तिचा बॉयलर कोठे आहे, हे आपण का विचारीत नाही?

आम्हीही विचारले नव्हते. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याने एका कंपनीची खबर दिली. रंगांचा मोठा कारखाना निघणार, म्हणे. 4 रुपयांना घेतलेला शेअर 7 वर गेला. आम्हांला आमच्या बुद्धीचे कौतुक वाटले आणि आम्ही धाकट्या भावाला सांगितले. त्याने मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे घातले. पुढे रोज खालचे सर्किट लागू लागले. भाव 60 पैशांवर आला. मग आम्ही कंपनीचा वार्षिक अहवाल वाचला. तिची सबंध वर्षाची विक्री आमच्या निवृत्तिवेतनाहून फारशी अधिक नव्हती! तो अहवाल पहिल्या दिवसापासून सर्वांना खुला होता.

भाऊ आम्हांला एक शब्द बोलला नाही. दर गणपतीला येतो. परंतु शेअरचा विषय निघाला की आम्ही दोघेही आरतीच्या तयारीकडे पाहू लागतो. तेव्हा आम्हांला उमगले की, ही खबर आमच्या घरात शिरली ती स्नेह्याच्या आणि आमच्या मायेवर. भावाने कंपनीवर विश्वास ठेवला नव्हता. त्याने आमच्यावर ठेवला होता.

म्हणून, बंधुभगिनींनो, शेअर घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. उद्योगात भांडवल घालणे हे चांगले काम आहे. घेण्यापूर्वी ताळेबंद पाहा, विक्री पाहा, आणि प्रवर्तकांचा हिस्सा घटतो आहे काय ते पाहा. आणि कोणाचा निरोप पुढे धाडण्यापूर्वी, तो ज्याला धाडणार त्याचा चेहरा एकदा डोळ्यांपुढे आणा. तो बुडाला, तर येत्या गणपतीला त्याच्या समोर कसे बसणार, एवढे स्वतःला विचारा.