ओवाळणीतला हाली रुपया

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणावरून)



नाणी जमवणाऱ्या माणसाला भेटल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, "याची आज किंमत काय येईल हो?" चाळीस वर्षं हा प्रश्न ऐकतो आहे. माझ्या संग्रहातली बहुतेक नाणी आपल्या बीदर-गुलबर्ग्याकडची, म्हणजे निजामाच्या राज्यातली. ती अजून पुष्कळ घरांत आहेत, त्यामुळे त्यांना फार भाव नाही. म्हणून आज किमतीचं बोलणार नाही. तीनच नाणी आणली आहेत. ती माझ्याकडे कशी आली, ते सांगतो.

आधी थोडी ओळख करून देतो, कारण पुढच्या रांगेतल्या मुलांनी 'हाली' हा शब्दही ऐकला नसेल. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन होतं, त्याला हाली सिक्का म्हणत. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. इंग्रजांचा रुपया तो कलदार, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. पुढे हालीही यंत्रावरच पडू लागला, पण नावं तीच राहिली. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब. शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. आळंद-भालकीचा व्यापारी कापड भरायला सोलापूरला निघाला की वाटेत करोडगिरीचा नाका लागे, म्हणजे निजामाची जकात. सोलापुरात पोचल्यावर हालीचे कलदार करून घ्यायचे, तिथे बट्टा कापला जाई. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो, तो हाच बट्टा. आमच्या आजोबांना सातासहाचा हिशेब तोंडपाठ होता. देवळात पैसा टाकतानासुद्धा ते मनात कलदार करत असतील, असं आजी म्हणायची.

हाली रुपयावर चारमिनार आहे. घरी असेल तर त्याच्या मधल्या कमानीत नीट बघा. तिथे एक उर्दू अक्षर दिसेल. 'मीम' असेल तर नाणं महबूब अली खानांचं, 'ऐन' असेल तर उस्मान अली खानांचं. महबूब अली १९११ साली वारले, म्हणजे मीमवाला रुपया निदान तेवढा जुना.

आता पहिलं नाणं. या रुपयाला वर कडी जोडलेली आहे. म्हणजे हा बाजारात फिरला नाही, कुणाच्या तरी गळ्यात होता. आळंदकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला तो दिला. त्यांच्या आजीच्या माळेत असे रुपये होते. १९४८ चा उन्हाळा. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे चालली होती. आजीनं माळ तोडली, रुपये गोधडीच्या काठात शिवले, आणि रात्री लेकरं घेऊन बाहेर पडली. पलीकडे गेल्यावर रोज एक टाका उसवायचा, एक रुपया काढायचा, बट्टा देऊन मोडायचा आणि ज्वारी आणायची. पोलीस कारवाई झाली, लोक घरी परतले, तेव्हा गोधडीत हा एकच रुपया उरला होता. आजीनं पुन्हा माळ केली नाही. "गळ्यात घातला की ज्वारीचा भाव आठवतो," असं ती म्हणायची म्हणे.

दुसरं नाणं दिसायला अगदी तसंच आहे, पण आलं उलट्या दिशेनं. पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आपल्याकडे मुक्तीचा तो दिवस आपण साजरा करतो, आणि केलाच पाहिजे. पण आपल्या बीदर-गुलबर्गा जिल्ह्यांत त्यानंतरचे काही आठवडे मुसलमान शेजाऱ्यांवर फार वाईट गेले, हेही आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. आधी एकांनी गाव सोडलं, नंतर दुसऱ्यांनी. आमच्या भालकीच्या घराशेजारच्या चाची एका रात्री आजीकडे रुपयांची थैली ठेवून गेल्या. ना पावती, ना साक्षीदार. आजीनं ती पिठाच्या डब्यात ठेवली. आठ महिन्यांनी चाची आल्या. आजीनं थैली समोर ठेवली आणि म्हणाली, "मोजून घ्या." चाची म्हणाल्या, "मोजायचं असतं तर तुमच्याकडे ठेवली असती का?" जाताना त्यांनी त्यातला एक रुपया पाळण्यातल्या माझ्या थोरल्या भावाच्या मुठीत दिला. तो हा. भावानं मला दिला तेव्हा एकच अट घातली, की गोष्ट सांगितल्याशिवाय कुणाला दाखवायचा नाही. आज ती अट पाळली.

आता तिसरं. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो.

माझी आत्या उदगीरला दिली होती. तेव्हा भालकी आणि उदगीर दोन्ही बीदर जिल्ह्यातच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले; भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. पुढच्याच एप्रिलमध्ये नवे पैसे आले. सोळा आणे, चौसष्ट पैसे जाऊन रुपयाचे शंभर झाले. आणि १९५९ साली हाली कायमचा बाद झाला. तीन वर्षांत राज्य बदललं, मोजणी बदलली, रुपयाही बदलला. आगगाडी तेवढी तीच होती. भालकी, कमालनगर, उदगीर. आमचे अण्णा दर भाऊबीजेला त्या गाडीनं बहिणीकडे जायचे. ताम्हनात चालू नोट ठेवायचे आणि तिच्यावर एक हाली रुपया. बाजारात कुणी घेणार नाही असा. कुणी हसलं तर म्हणायचे, "नोट तिच्या संसाराला. रुपया आमच्या दोघांचा."

आत्या गेल्यावर आतेभावानं एक पितळी डबा माझ्या हाती दिला. "तुला नाद आहे, तूच ठेव." आत एकोणीस रुपये होते, काळवंडलेले, लालसर थर चढलेले. मी नवशिका. चिंच लावली, सोडा लावला, घासून घासून अठरा रुपये लख्ख केले, आणि मोठ्या अभिमानानं वहिनींना दाखवायला नेले. त्यांनी एक रुपया हातात घेतला, उलटसुलट केला आणि हळूच म्हणाल्या, "कुंकू होतं हो ते. मामांनी दिलेल्या रुपयाला सासूबाई दर वर्षी कुंकू लावायच्या आणि मगच डब्यात टाकायच्या."

चांदी अजून माझ्याकडे आहे. अठरा भाऊबीजा मात्र मी मोरीत धुऊन टाकल्या. एकोणिसावा रुपया डब्याच्या तळाला चिकटला होता म्हणून वाचला. हा बघा, त्याच्यावरचं कुंकू अजून आहे.

त्या दिवसापासून मी दोन नियम केले. एक, नाणं घासायचं नाही. जाणकारही हेच सांगतात. घासलेल्या नाण्याची बाजारातली किंमतसुद्धा पडते. दुसरा नियम, प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी. कुणाचं, कुठलं, कुणी कुणाला दिलं. साध्या कागदाच्या पाकिटात दोन्ही एकत्र. आणि शेतकरी बांधवांना एक सांगणं. पावसानंतर रानात बहमनी तांब्याची नाणी वर येतात. पुरलेलं जुनं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा कायदा आहे. ते गुपचूप मोडू नका.

आपल्या बीदरची सगळ्यात प्रसिद्ध पैशाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली केली, आणि त्या धान्याचे पैसे विठू महाराच्या रूपानं पांडुरंगानं बीदरच्या दरबारात भरले, पावतीही घेतली. त्यातलं एकही नाणं कुणी पाहिलेलं नाही. तरी ते पैसे कुणी, कुणासाठी भरले, हे शेकडो वर्षं घरोघरी माहीत आहे, कारण सांगणारे सांगत राहिले. आपल्या घरातलं उलट आहे. नाणी आहेत, सांगणारे एकेक करून चालले आहेत. त्यांच्यामागे नाणी सोनाराच्या काट्यावर जातात आणि वजनावर मोजली जातात.

म्हणून एवढंच मागणं. येत्या लक्ष्मीपूजनाला देवघरातले जुने रुपये बाहेर निघतील. त्या वेळी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी बसा आणि विचारा, हा कुठून आला? जे सांगतील ते लिहून ठेवा. मराठीत लिहा, नातवंडांना वाचता येत नसेल तर कन्नडमध्येही लिहा, पण लिहा.

मी इथे थांबतो. तिन्ही नाणी टेबलावर ठेवली आहेत. जवळ येऊन बघा, हातात घ्या. फक्त पुसू नका.

गणपती बाप्पा मोरया!