तिचं नाव कुणाच्या यादीत?

बसमध्ये असाल, हेडफोन लावून भाजी निवडत असाल, जिथे असाल तिथे ऐका. आजचा विषय जरा जड आहे, पण आपल्या घराजवळचा आहे.

स्थलांतरितांचं आरोग्य म्हटलं की आपल्याला दिसतात त्या परदेशातल्या सीमा, छावण्या, समुद्रातल्या बोटी. पण दिवाळीच्या आसपास आपल्याच राज्यात लाखो माणसं घराला कुलूप लावून निघतात. बीड, जालना, परभणीतून ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पार बेळगावपर्यंत. ऊसतोडीला. परत येतात ते मार्च-एप्रिलला. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने.

नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायची. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याला दंड. दोघांपैकी एकच आजारी पडलं तरी कोयता बसला असंच धरतात. आता तुम्ही म्हणाल, सरकारी दवाखाना तर मोफत आहे! केसपेपर मोफत असेल हो. पण ओपीडी सकाळची आणि फडही सकाळचा. तापाची गोळी घ्यायला गेलं तर त्या दिवसाची मजुरी गेली, वर दंड. ही त्या गोळीची खरी किंमत.

मागे एका आशाताईंशी बोलत होतो. कारखान्याच्या पट्ट्यातल्या. त्यांच्या गावाबाहेर कोप्या पडतात, त्यात एखादी गरोदर बाई असतेच. त्या म्हणाल्या, “दादा, ती माझ्या यादीत नाही. तिच्या गावच्या ताईच्या यादीत आहे, पण ती ताई इथे नाही.” त्यांचा आवाज अपराध्यासारखा होता, आणि मला ते बरं वाटलं नाही, कारण चूक त्यांची नाहीच. त्यांना नेमून दिलेली लोकसंख्या आहे, तिच्यावर त्यांचं काम मोजलं जातं. रजिस्टर गावात राहतं, पोट सोबत येतं.

याचं टोक काय, ते 2019 मध्ये दिसलं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. सहातली एक! देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आहे. आणि यातल्या कितीतरी तिशी-चाळिशीच्या आतल्या.

ही सुरुवात होते कुठून? कोपीला संडास नाही, पुरेसं पाणी नाही, पाळीत कापड धुवायला-वाळवायला जागा नाही. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जातं, कंबर धरते. डोक्यावर मोळी चालूच. हंगामात अंगावर काढायचं आणि गावी आल्यावर खासगी दवाखाना. तिथे कॅन्सरची भीती घालतात आणि सांगतात, पिशवी काढून टाका. मग पाळी नको, खाडा नको. त्यासाठी परत मुकादमाकडूनच पैसे.

कागदावर तिची सही असते हं. अंगठा म्हणा. म्हणून काही डॉक्टर म्हणतात, तिनेच मागितलं. इथे मी अडतो. विश्रांतीला दंड आहे आणि ऑपरेशनला उचल मिळते, तर त्या सहीला संमती म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही. त्यानंतर बीडमध्ये अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली. चांगलं झालं. पण ती अट शेवटच्या दारावर आहे. फडातल्या पहिल्या तापाला अजून दार नाही.

एक गंमत सांगतो, कडू आहे. 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, त्यात ठेकेदाराने मोफत वैद्यकीय सोय द्यावी असं कलम होतं. पण कायदा होता आंतरराज्य. बीडहून बेळगावला गेलात तर तुम्ही त्यात बसू शकत होतात, कोल्हापूरला थांबलात तर नाही. ऊस तोच, कोयता तोच.

आणि आपल्याला जमत नाही असंही नाही. पल्स पोलिओ आठवा. वीटभट्टी, एसटी स्टँड, रेल्वे, उसाचे तळ, सगळीकडे लोक डोस घेऊन गेले. आधार मागितलं नाही, गाव विचारलं नाही. बाळ दिसलं की दोन थेंब, बोटावर शाईची खूण. बाळ जिथे आहे तिथलंच धरलं. पोलिओ कुणालाही झाला असता, आपल्याही मुलांना. कंबरदुखी मात्र तिची तिलाच होते. फरक इथे पडला असावा, असं मला वाटतं.

जाता जाता एक कामाचं. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे, तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही. पण कुठे यायचं ते सांगावं लागतं, आणि परगावाहून आलेल्या बाईला आपण कुणाच्या शिवारात आहोत हेच माहीत नसतं. तुमच्या गावाजवळ तळ पडला असेल, तर गावाचं नाव, जवळची खूण आणि आशाताईंचा नंबर एका कागदावर लिहून तिथे देऊन या. मुकादमाला नको, बायकांच्या हातात द्या.

चला, पुढच्या भागात भेटू.