आदर्श समाजाचे नियम आणि विधि
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या दिवशीं मागें वळून पाहावें आणि मागें पाहून झालें कीं थोडें पुढेंहि पाहावें, अशी चाल आहे. मागील काळाचा आढावा आमच्या आधींच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें घेतला आहे. म्हणून आम्हीं पुढें पाहण्याचा विषय निवडला. माणसांनीं एकत्र राहावें तें कसें? कोणत्या नियमांनीं? कोणत्या विधींनीं? नव्या समाजाचा आराखडा काढून तो जमिनीवर उतरवितां येतो काय? हे प्रश्न रिकाम्या वेळच्या कल्पनेचे वाटतात. परंतु एका पुरुषानें असा आराखडा कागदावर काढला आणि दुसऱ्यानें आपल्या पगाराच्या पैशांनीं जमीन विकत घेऊन त्यावरून गांव वसविलें, असें खरोखर घडलें आहे. पहिले संत थॉमस मोर. दुसरे मेक्सिको देशांतील बिशप वास्को दे किरोगा. या दोघांची हकीकत आज आपणांपुढें ठेवावी, असा आमचा मानस आहे.

थॉमस मोर हे इंग्लंडांतील नामांकित कायदेपंडित. त्यांचें ‘युटोपिया’ हें लॅटिन पुस्तक १५१६ सालीं लूव्हेन येथें छापून प्रसिद्ध झालें. या नांवांतच खोंच आहे; ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ ‘कोठेंच नसलेलें ठिकाण’ असा होतो. राफाएल नांवाचा एक पोर्तुगीज प्रवासी दूरच्या समुद्रांत फिरून येतो आणि तेथें पाहिलेल्या एका बेटाचें वर्णन करतो, अशी या पुस्तकाची मांडणी आहे. हा कल्पित प्रवासी परततांना सिलोनवरून आपल्या कालिकत बंदरास लागतो आणि तेथेंच त्याला स्वदेशीं जाणारीं पोर्तुगीज जहाजें मिळतात!

त्या बेटावर चोपन्न शहरें. सर्वांची भाषा एक, रीतिभाति एक. तेथें पैसा नाहीं. शेती प्रत्येकास शिकावीच लागते. दिवसाचें काम सहा तास : दुपारपूर्वीं तीन, मग भोजन व दोन तास विसांवा, मग पुन्हा तीन. तीस तीस कुटुंबें मिळून दरसाल आपला एक अधिकारी निवडतात. घराचा मोह जडूं नये म्हणून दर दहा वर्षांनीं चिठ्ठ्या टाकून घरें बदलतात. सोन्याचीं तर तेथें मलमूत्राचीं भांडीं आणि अपराध्यांच्या बेड्या करतात. एकदां परदेशचे वकील सोन्याच्या सांखळ्या घालून मोठ्या दिमाखानें आले, तेव्हां लोकांनीं त्यांनाच गुलाम समजून त्यांच्या साध्या नोकरांना आदरानें नमस्कार केले, असा मौजेचा प्रसंग मोर यांनीं रंगविला आहे.

तेथील एक विधि मात्र आमच्या मनांत फार दिवस घर करून राहिला आहे. महिन्याच्या व वर्षाच्या शेवटच्या सणाला देवळांत जाण्यापूर्वीं घरांतच एक संस्कार होतो. पत्नी पतीपुढें आणि मुलें आईबापांपुढें गुडघे टेकून, ‘आमच्या हातून अमुक चुकलें, अमुक करावयाचें राहिलें’ असें सांगून क्षमा मागतात. मनांत राग घेऊन देवापुढें जाऊं नये, हा त्यांतला हेतु. रीत किती सुंदर! परंतु नीट पाहा : पति कोणापुढें गुडघे टेकतो? बाप कोणापुढें? त्याविषयीं पुस्तक मुकें आहे. आणखी एक गोष्ट. या आदर्श बेटावर गुलाम आहेत. परवानगीवांचून दुसऱ्यांदा प्रवास करणाऱ्या नागरिकालाहि तेथें गुलामगिरीची शिक्षा होते. म्हणजे कागदावर काढलेल्या निर्दोष समाजांतहि कोणीतरी पायाखालीं राहतोच. मोर यांनाहि हें ठाऊक असावें. कारण पुस्तकाच्या शेवटीं, या चालीरीतींपैकीं पुष्कळ आपणांस पटल्या नाहींत, असें ते स्वतःच्या तोंडून वदवितात.

पुढें राजाला धर्मसभेचा मस्तक मानण्याची शपथ मोर यांनीं घेतली नाहीं आणि ६ जुलै १५३५ रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ सालीं पोप अकरावे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें.

आतां दुसऱ्या पुरुषाकडे वळूं. मोर जिवंत असतांनाच त्यांचें पुस्तक महासागर ओलांडून मेक्सिकोंत पोंचलें होतें. तेथील स्थिति मोठी करुण होती. स्पॅनिश विजेत्यांनीं देश लुटला होता. मिचोआकान प्रांतांत पुरेपेचा लोकांचें मोठें राज्य होतें. त्यांच्या शेवटच्या राजाला स्पॅनिश अधिकाऱ्यानें १५३० सालीं जिवें मारविलें आणि लोक भयानें डोंगरांत पळाले. हे अन्याय निस्तरण्यासाठीं स्पेनच्या दरबारानें नवे न्यायाधीश धाडले. त्यांच्यांत १५३१ सालीं वास्को दे किरोगा आले. ते तेव्हां धर्मगुरु नव्हते, प्रापंचिक कायदेपंडित होते, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. त्याच वर्षीं स्पेनला धाडलेल्या पत्रांत, बाजारांत डुकरांनीं व कुत्र्यांनीं टाकलेलें वेंचून खाणाऱ्या पोरक्या मुलांविषयीं त्यांनीं लिहिलें आहे. न्यायासनावर बसून निवाडे देतां येतात. त्या मुलांचें पोट निवाड्यानें भरत नाहीं. म्हणून १५३२ सालीं त्यांनीं मेक्सिको शहराजवळ स्वतःच्या पगारांतून जमीन घेतली आणि ‘सांता फे’, म्हणजे पवित्र श्रद्धा, या नांवाचें गांव वसविलें. दुसरें सांता फे १५३३ सालीं मिचोआकानांत पात्सकुआरो सरोवराच्या कांठीं उभें राहिलें. पुढच्याच वर्षीं आपली वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली, एवढें सांगितलें म्हणजे काळाचा मेळ बसेल. १५३५ सालच्या आपल्या एका दीर्घ निवेदनांत किरोगांनीं, या गांवांची घडण आपण थॉमस मोर यांच्यावरून घेतली, असें मोकळेपणीं कबूल केलें आहे.

या गांवांना ते ‘ओस्पिताल’ म्हणत. त्या काळीं या शब्दाचा अर्थ केवळ दवाखाना असा नव्हता. आजारी, अनाथ, विधवा, वाटसरू, ज्याला कोणी नाहीं तो, या सर्वांना आसरा देणारी जागा. आपल्या भाषेंत ‘धर्मशाळा’ म्हणावी तशी. संबंध गांवच धर्मशाळा, ही किरोगांची कल्पना. त्यांनीं घालून दिलेले नियम आजहि वाचावयास मिळतात. त्यांतले कांहीं सांगतों.

जमीन सर्वांची, ती विकावयाची नाहीं. प्रत्येक कुटुंबास घर आणि परसबाग उपभोगापुरती. आठ, दहा, बारा जोडपीं एका छपराखालीं राहावींत आणि घरांतील सर्वांत वडील आजोबांचें सर्वांनीं ऐकावें. आमच्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना हें निराळें सांगावयास नको. सार्वजनिक काम दिवसाला सहा तास. जें पिकेल तें ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें वांटावें आणि उरेल तें गरिबांस द्यावें. दरसाल गरजेच्या दुप्पट पेरावें आणि पुढचें पीक हातीं येईल अशी खात्री होईपर्यंत शिलकी धान्य कोणीं विकूं नये. दुष्काळ पाहिलेल्या शेतकऱ्याचें शहाणपण तें हेंच. मुलांना धर्मशिक्षणाबरोबर आठवड्यांतून दोन दिवस शेतावर न्यावें, तासदोनतास खेळाच्या रीतीनें नांगर-कुदळ शिकवावी आणि त्यांच्या शेतांतलें पीक त्यांनाच वांटून द्यावें. कपडे साधे, पांढऱ्या सुती कापडाचे, घरींच केलेले. आजाऱ्यांसाठीं मोठें घर; त्यांत सांथीच्या रोग्यांची बाजू निराळी.

गांवचा मुख्य कोणीं निवडावा? कुटुंबांच्या प्रमुखांनीं, आणि तेंहि गुप्त मतदानानें. निवडणुकीपूर्वीं पवित्र आत्म्याची मिस्सा व्हावी. भांडण झालें तर कोर्टाची पायरी चढूं नये, गांवांतच मिटवावें. ज्यानें हा नियम केला तो स्वतः न्यायाधीश होता!

आणि सणाचा विधि? मुख्य सणांना एका मोठ्या दालनांत सर्वांनीं एकत्र जेवावें आणि तें जेवण कुटुंबांनीं पाळीपाळीनें रांधावें. म्हणजे आज जो पंगतीला बसला तो उद्यां वाढपी. आमच्या मतें सगळ्या नियमांचा जीव या एका विधींत आहे. नियम मनुष्याला काय करावें तें सांगतो. विधि तें त्याच्या हातांना शिकवितो. ‘सर्व समान आहेत’ असें शंभर वेळां वाचून जें अंगीं येत नाहीं, तें शेजाऱ्याच्या पानांत एकदां भात वाढल्यानें येतें. आमच्या शेतकरी बांधवांना इर्जिक आणि सावड ठाऊक आहेत. कोणीं पुस्तक वाचून ते शिकले नाहींत. नांगरामागें चालतां चालतां शिकले.

तथापि आम्हीं स्तुतीच करीत राहिलों तर आपणांशीं प्रामाणिक राहणार नाहीं. किरोगा त्या लोकांना मऊ मेणाची उपमा देत. हवा तो आकार द्यावा असे ते सालस, असा त्यांचा भाव. उपमा प्रेमाची, पण चुकीची. माणसें मेण नव्हेत. पुरेपेचा लोकांना किरोगा येण्यापूर्वींपासून स्वतःचें राज्य, स्वतःची भाषा आणि स्वतःची कारागिरी होती. मोठ्या प्रेमानें आंखलेल्या नियमांतहि हा दोष राहतो, कीं ज्यांच्यासाठीं नियम करावयाचे त्यांना आधीं कोणीं विचारीत नाहीं. मोर यांच्या पुस्तकांत पतीनें गुडघे टेकावयाचे राहून गेले, आणि किरोगांच्या गांवांत पहिला आराखडा काढतांना गांवकऱ्यांना विचारावयाचें राहून गेलें. दोन्ही चुकांचें मूळ एकच : नियम करणारा नियमाच्या वर बसतो.

मग या गांवांनीं तग धरला तो कशानें? आम्हांस वाटतें, आराखड्यापेक्षां आराखडा काढणाऱ्याच्या वागणुकीनें. किरोगा १५३८ सालीं मिचोआकानचे पहिले बिशप म्हणून अभिषिक्त झाले. गांवांच्या जमिनीवर हक्क सांगणाऱ्या बड्या स्पॅनिश लोकांशीं ते वर्षानुवर्षें कोर्टांत झगडले. १५४० सालीं त्यांनीं पात्सकुआरो येथें सेंट निकोलसचें विद्यालय काढलें. १५६५ च्या आपल्या मृत्युपत्रांत त्यांनीं लिहून ठेवलें कीं, हें विद्यालय बांधतांना स्थानिक लोकांनीं श्रम केले आहेत, म्हणून त्यांच्या मुलांना येथें फुकट शिकवावें. उपकार आपण केले असें त्यांनीं म्हटलें नाहीं. ऋण आपल्यावर आहे असें म्हटलें. मेणाची उपमा देणारा पुरुष तीस वर्षांत इतका शिकला! त्याच वर्षाच्या मार्चमध्यें ते परलोकवासी झाले. पुरेपेचा लोक त्यांना अजून ‘ताता वास्को’ म्हणतात. ताता म्हणजे बाबा. २०२० सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांच्या सद्गुणांवर मान्यतेची मोहोर उमटविली.

आज काय उरलें आहे? मेक्सिको शहराजवळच्या सांता फेचें नांव आतां कांचेच्या उंच इमारतींच्या एका श्रीमंत व्यापारी वस्तीनें उचललें आहे. जेथें पैशाला थारा नसावा असें स्वप्न पाहिलें, तेथें पैशानेंच नांव धारण केलें! परंतु सरोवराकांठचें सांता फे अजून आहे. तेथले लोक मातीचीं भांडीं करतात आणि आपली भाषा बोलतात. मिचोआकानांतील गांवोगांवीं पूर्वीं छोटीं ओस्पितालें उभीं राहिलीं आणि कुटुंबें आठवड्याच्या पाळीनें तेथें आजाऱ्यांची सेवा करीत. जी गोष्ट लोकांनीं आपली म्हणून हातीं घेतली ती रुजली. जी नुसती आंखून दिली ती विरली.

बंधुभगिनींनो, ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथांत पहिल्या ख्रिस्ती मंडळीचें वर्णन आहे : सर्व कांहीं समाईक, कोणाला कांहीं उणें नाहीं. तेंहि आदर्श गांवच. पण थोडीं पानें उलटावींत, कीं त्याच मंडळींत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वांटणींत वगळलें जातें, अशी तक्रार उठलेली दिसते. प्रेषितांनीं काय केलें? तक्रार करणाऱ्यांना गप्प बसविलें नाहीं. साऱ्या मंडळीला बोलावून, आपल्यांतूनच सात जण निवडा, असें सांगितलें. आदर्श समाजाची कसोटी आम्हांस येथें सांपडते. जेथें कोणाचीच तक्रार नाहीं तो समाज आदर्श, असें नव्हे; जेथें वगळलेल्या विधवेची तक्रार ऐकून नियम बदलतो, तो आदर्शाच्या वाटेवर आहे.

आमचा धर्मग्रामहि एक गांवच आहे. त्याचे नियम आहेत, विधि आहेत. आजच्या शुभदिनीं प्रत्येकानें स्वतःला विचारावें : आमच्या पंगतींत नेहमीं वाढणारे कोण आणि नेहमीं बसणारे कोण? आमच्या सभेंत कोणाचा आवाज अजून कधींच ऐकूं आला नाहीं? बेटावरचा तो क्षमेचा विधि आपण घरीं न्यावा, पण एक दुरुस्ती करून. नाताळच्या आदल्या रात्रीं लेंकरांनीं आईबापांची क्षमा मागावी, आणि मग बापानेंहि लेंकरांसमोर, पतीनेंहि पत्नीसमोर, ‘माझें चुकलें’ असें म्हणावें. फार खर्चाची गोष्ट नाहीं. तरी आम्हीं स्वतः वडील म्हणून सांगतों, कीं ती सोपी नाहीं; आमचे गुडघे अजून नीटसे वांकत नाहींत.

‘कोठेंच नसलेलें ठिकाण’ असें संत थॉमस यांनीं आपल्या बेटाचें नांव ठेविलें. तें नांव खोटें ठरविण्याचें काम प्रभूनें आपणांवर सोंपविलें आहे. आणि त्याचा आरंभ आज महोत्सवाच्या जेवणापासूनच करतां येईल. आम्हीं वाढावयास उभे राहतों, आपण बसावें. पुढच्या पंगतीला आपली पाळी!