तासिकेची नोकरी : स्वीकारावी की नाकारावी?



अशा समारंभात वक्त्याने उच्च शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी प्रथा आहे. परंतु ते महत्त्व आता आपल्याला कुणी पटवून द्यावे लागत नाही. आपली मुले-मुली एम.ए., एम.एस्सी. होत आहेत, नेट-सेट परीक्षा उत्तीर्ण होत आहेत. अडचण पुढे आहे. कायम जागेची जाहिरात वर्षानुवर्षे निघत नाही आणि एके दिवशी जूनच्या सुमारास निरोप येतो, “आठवड्याला आठ तास आहेत, येता का?” घरात आनंद होतो. मग वेळापत्रक हाती पडते आणि आनंदाची जागा विचार घेतो. हो म्हणावे की नाही? आज मी याच प्रश्नावर बोलणार आहे.

प्रथम हे काम म्हणजे काय ते समजून घेऊ. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला जेवढे तास घेतले तेवढ्याचेच मानधन मिळते. दिवाळीची सुट्टी, परीक्षांचा काळ आणि उन्हाळा हे महिने कोरडे जातात. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी प्रत्येक व्याख्यानास १,५०० रुपये आणि महिन्यास जास्तीत जास्त ५०,००० रुपये असे मानधन सुचविले. प्रत्यक्षात राज्य शासनाचा दर वेगळा असतो आणि विनाअनुदानित तुकडीचा त्याहून वेगळा. म्हणून ऐकीव आकड्यावर विसंबू नका. आपल्या विषयाला, आपल्या तुकडीला दर किती आणि पैसे कोणत्या महिन्यात हाती पडतात, हे आधी विचारा. त्यात संकोच कसला?

आता वेळेचा हिशोब मांडू. समजा, आपण जुन्या नाशकात राहता आणि काम सुमारे ३० किलोमीटरवरच्या सिन्नरला आहे. पहिला तास सकाळी साडेसातला आणि दुसरा बारा वाजून दहा मिनिटांनी. सव्वासहाला घर सोडले तर परत यायला सव्वादोन होतात. आठ तास बाहेर राहिलात, मानधन मिळाले दोन तासांचे. असे चार दिवस धरले तर बत्तीस तास झाले. नव्या अध्यापकाला एका व्याख्यानाची तयारी करायला निदान दोन तास लागतात, म्हणजे आणखी सोळा. एकूण अठ्ठेचाळीस. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पूर्णवेळ अध्यापकासाठी आठवड्याला किमान ४० तासांचे काम सांगितले आहे आणि त्यात सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे आहे. तेव्हा कागदावर अर्धवेळ असलेले काम घरात मात्र पूर्णवेळ होऊन बसते. मानधन लहान म्हणून नव्हे, तर मधले चार तास फुकट जातात म्हणून माणूस खचतो.

मग नकारच द्यावा काय? तसेही नाही. बाबासाहेब आंबेडकर नाशिककरांना १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे ठाऊक आहेत. त्यांच्या आयुष्यातील एक कमी सांगितली जाणारी बाजू पाहा. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना १९१७ साली परतावे लागले. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकाची तात्पुरती जागा घेतली. पैसे साठवून शिक्षण पुरे करायचे, हा हेतू ठरलेला होता. १९२० मध्ये त्यांनी ती जागा सोडली आणि ते लंडनला गेले. १९२३ साली बॅरिस्टर होऊन आले, पण वकिली लगेच चालेना. तेव्हा १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा अर्धवेळ शिकविला. न्यायमूर्ती एम. सी. छागला हेही वकिली करीत असताना १९२७ पासून मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवीत. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि केंद्रीय शिक्षणमंत्री झाले.

या थोर माणसांशी आपली बरोबरी करण्याचा हेतू नाही. मुद्दा एवढाच की तात्पुरते काम त्यांनी कमीपणाचे मानले नाही आणि तेच आपले सर्वस्व आहे असेही मानले नाही. एकाने ते शिक्षणासाठी घेतले, दुसऱ्याने आपल्या व्यवसायाच्या जोडीला घेतले. दोघांच्याही समोर पुढची पायरी दिसत होती.

तेव्हा तरुण मित्रहो, होकार देण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पहिला, हे काम मी कशासाठी घेतो? अनुभवासाठी, पीएच.डी.च्या काळात खर्च भागावा म्हणून, की घरी रिकामे बसल्याचे लोक बोलतात म्हणून? शेवटचे कारण असेल तर थांबा. दुसरा, उरलेल्या वेळात माझे काय होणार? महाविद्यालयाचे ग्रंथालय वापरू देत असतील आणि मधल्या चार तासांत अभ्यास होत असेल तर ते तास फुकट गेले असे म्हणता येणार नाही. ज्याची सेट राहिली आहे त्याच्या अभ्यासाचा वेळ हे काम खाणार असेल, तर ते महागात पडेल. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट वा स्लेट ही किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. म्हणून आधी ती परीक्षा. तिसरा प्रश्न, किती वर्षे? एक किंवा दोन असा आकडा आजच वहीत लिहा. हे वर्ष जाऊ दे, पुढच्या वर्षी जागा निघेल, असे करता करता दहा वर्षे निघून गेलेली आणि चाळिशीला टेकलेली हुशार माणसे माझ्या पाहण्यात आहेत. त्यांची बुद्धी कमी पडली नाही. थांबायचे कधी, हे त्यांनी कधीच ठरविले नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. नेमणूक तोंडी घेऊ नका. लेखी आदेश मिळवा, निवड समितीतून निवड झाल्याची नोंद ठेवा, विद्यापीठाच्या मान्यतेविषयी विचारा आणि वर्षाअखेरीस अनुभवाचा दाखला हातात घ्या. २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पूर्वीची कंत्राटी सेवा पुढे मोजली जाण्यासाठी रीतसर निवड लागते, तसेच मानधनही नियमित अध्यापकाच्या वेतनाहून कमी नसावे लागते. म्हणजे तासिकेची वर्षे पुढे बढतीसाठी आपोआप जमा होतील, या भरवशावर राहू नका.

वेळापत्रकाविषयी आधीच बोला. दोन तास लागोपाठ मिळतील का, शुक्रवारी दुपारचा तास नमाजाच्या वेळेआधी किंवा नंतर घेता येईल का, हे नम्रपणे विचारले तर बहुधा ऐकले जाते. ते जूनमध्ये विचारावे, ऑगस्टमध्ये नव्हे. आणि ज्यांची दुसरी नोकरी आहे त्यांनी आपल्याच शहरातील यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा विचार करावा. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांतील वर्ग बहुधा सुट्टीच्या दिवशी भरतात.

पालकांनो, आता दोन शब्द आपल्यासाठी. मुलगी सकाळी सहाला एस.टी. पकडून शिकवायला जाते, तेव्हा शेजारचे विचारतात, “एवढ्याशा पैशासाठी कशाला?” मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले, म्हणून प्रवास स्वस्त झाला. पण घरच्या कामात तिला अर्धी सूट कुणी दिली काय? अम्मीने, भाभीने, भावाने सकाळची कामे वाटून घेतली तरच तिची नोकरी टिकेल. नाहीतर ती वर्षभरात सोडील आणि आपण म्हणू, तिलाच जमले नाही. मुलाच्या बाबतीत उलटे होते. मानधन हाती पडण्याआधीच त्याच्यावर घरखर्चाचा भार टाकला जातो. त्याचा कोरडा उन्हाळा अब्बांनी आधी हिशोबात धरावा.

शेवटी, व्यासपीठावरील चालकांनाही नम्र विनंती करते. उद्या आपल्या संस्थेतही तासिकेवर अध्यापक येतील. त्यांचे तास लागोपाठ ठेवा, बसायला एक खुर्ची आणि टेबल द्या, मानधन वेळेवर द्या. बस गाठण्याच्या घाईत असलेल्या अध्यापकाला वर्गाबाहेर शंका विचारायला विद्यार्थी कधी जाणार? नुकसान शेवटी आपल्याच मुलांचे होते.

काम लहान आहे म्हणून नाकारू नका आणि काम मिळाले म्हणून डोळे मिटून घेऊ नका. हिशोब मांडा, मुदत ठरवा आणि मग जे कराल ते मन लावून करा.